‘आत्मघाती हल्लेखोर’ समजून पोलिसांनी गोळी झाडली, तर त्या निर्णयाची तपासणी कशी करावी

आत्मघाती हल्लेखोराच्या संशयावरून पोलिसांनी कोणाला ठार केले की पहिल्या तासाभरातच दोन तट पडतात. एक म्हणतो, त्या क्षणी दुसरे काय करणार होते? दुसरा म्हणतो, हा खूनच आहे. दोघांचेही लक्ष बंदुकीच्या चापावर असते. तपासणी करणाऱ्याने मात्र चापापाशी सगळ्यात शेवटी यावे. गोळीचा निर्णय बहुधा काही तास आधी, दुसऱ्याच खोलीत, अर्धवट ऐकलेल्या वाक्यांतून आकाराला आलेला असतो.

हे मार्गदर्शन पत्रकार, कायद्याचे विद्यार्थी आणि मानवी हक्कांचे काम करणारे यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून लंडनच्या स्टॉकवेल स्थानकातले प्रकरण घेतले आहे, कारण त्याची जेवढी कागदपत्रे खुली झाली तेवढी अशा दुसऱ्या प्रकरणाची क्वचितच होतात.

प्रकरण थोडक्यात असे. 7 जुलै 2005 ला लंडनमध्ये चार आत्मघाती स्फोटांत 52 निरपराध माणसे मेली. 21 जुलैला पुन्हा चार ठिकाणी बॉम्ब नेण्यात आले. ते नीट फुटले नाहीत आणि हल्लेखोर पळाले. एका पिशवीत व्यायामशाळेचे कार्ड सापडले, त्यावर हल्लेखोरांपैकी एक असलेल्या हुसेन उस्मानचा फोटो होता. त्या कार्डावरून टल्स हिल भागातल्या स्कॉशिया रोडवरच्या इमारतीचा पत्ता मिळाला. 22 जुलैला सकाळी त्याच इमारतीतून झां शार्ल्स द मेनेझिस हा 27 वर्षांचा ब्राझिलियन इलेक्ट्रिशियन कामावर निघाला. पोलिसांनी त्याचा पाठलाग केला आणि स्टॉकवेल स्थानकात भुयारी रेल्वेच्या डब्यात त्याच्या डोक्यात सात गोळ्या झाडल्या. त्याचा कशाशीही संबंध नव्हता.

आधी तक्ता आखा

मोठा कागद किंवा स्प्रेडशीट घ्या. पहिल्या रकान्यात वेळ. पुढचे तीन रकाने तीन गटांचे: पाळतीवरचे पोलीस, नियंत्रण कक्ष, शस्त्रधारी पथक. प्रत्येक ओळीत त्या मिनिटाला त्या गटाला *काय माहीत होते* तेवढेच लिहा. नंतर काय सिद्ध झाले ते या तक्त्यात येऊ देऊ नका. शेवटी आणखी दोन रकाने ठेवा: ही माहिती कोणत्या कागदातून आली, आणि तो कागद केव्हा लिहिला गेला.

शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. घटना घडल्याची वेळ, ती वायरलेसवर सांगितल्याची वेळ आणि ती नोंदवहीत उतरल्याची वेळ या तीन वेगळ्या वेळा आहेत. 10 वाजून 3 मिनिटांची म्हणून दाखवलेली नोंद दुसऱ्या दिवशी लिहिलेली असेल, तर तिचे वजन निराळे.

स्टॉकवेलचा तक्ता असा सुरू होतो. पहाटे 4:55 ला वरिष्ठ अधिकारी जॉन मॅकडॉवल यांनी धोरण ठरवले: इमारतीवर गुप्त पाळत ठेवायची आणि बाहेर पडणाऱ्याला सुरक्षित अंतरावर नेऊन थांबवायचे. धोरण शहाणपणाचे होते. पण थांबवायला शस्त्रधारी पथक जवळ लागते. मेनेझिस 9:33 च्या सुमारास बाहेर पडला तेव्हा, म्हणजे साडेचार तासांहून अधिक वेळ गेल्यावरही, ते पथक स्कॉशिया रोडवर पोहोचलेले नव्हते. त्याच्या आधी बाहेर पडलेल्या लोकांनाही कोणी थांबवले नव्हते. तो बसमध्ये चढला, ब्रिक्स्टन स्थानक बंद दिसल्यावर खाली उतरून पुन्हा त्याच बसमध्ये चढला, आणि दहाच्या सुमारास स्टॉकवेलला पोहोचला. 10:06 च्या सुमारास तो मेला होता.

एवढ्या ओळी भरल्या की खरा प्रश्न आपोआप वर येतो: ज्याच्या अंगावर बॉम्ब असू शकतो असे वाटते, तो माणूस दोनदा बसमध्ये आणि मग रेल्वेत कसा जाऊ दिला? ज्याला संशय खरा वाटत होता त्याने त्याला बसमध्ये चढू द्यायला नको होते. आणि ज्याला तो खरा वाटत नव्हता त्याने गोळीपर्यंत जायला नको होते. ही विसंगती कुठल्याही प्रकरणात शोधा. नियोजन कुठे फाटले ते तिथे दिसते.

ओळख पटवण्याची साखळी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. संशयित ‘तोच’ आहे हे कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांत म्हटले ते शब्दशः उतरवा. सारांश करू नका. ‘बघण्यासारखा वाटतो’, ‘असू शकेल’, ‘बहुधा तोच’, ‘नक्की तोच’ या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि वायरलेसवरून पुढे जाताना माणूस एकेक पायरी वर चढवत जातो.

स्कॉशिया रोडवर व्हॅनमधून पाळत ठेवणाऱ्याने, म्हणजे चौकशीत ‘फ्रँक’ या सांकेतिक नावाने ओळखल्या गेलेल्या लष्करातून आलेल्या माणसाने, मेनेझिसला पाहिले तेव्हा तो लघवी करत होता. त्यामुळे कॅमेरा चालू झाला नाही. त्याने सांगितले ते एवढेच की दुसऱ्या कोणीतरी याला नीट बघायला हवे. दिसणारा माणूस गोरा आहे असेही त्याने कळवले; उस्मान मूळचा इथिओपियाचा. पुढे पाळतीवरच्या कोणीही ठाम ओळख पटवली नाही. तरी नियंत्रण कक्षात ती ओळख पटल्यासारखी पसरली. 2008 च्या इन्क्वेस्टमध्ये, म्हणजे मृत्यू कसा झाला याच्या न्यायालयीन चौकशीत, ज्युरीने हे स्पष्ट नोंदवले की पाळतीवरच्या पोलिसांचे ओळखीबद्दलचे मत वरिष्ठांपर्यंत आणि शस्त्रधारी पथकापर्यंत अचूक पोहोचले नाही.

तपासायचे मुद्दे असे. पाळतीवरच्यांच्या हातात कोणता फोटो होता आणि तो किती चांगला होता? (स्टॉकवेलच्या ज्युरीने उस्मानचे चांगले फोटो न मिळवणे हे मृत्यूचे एक कारण मानले.) चेहरा किती सेकंद, कोणत्या बाजूने दिसला? ‘नाही, तो नाही’ असे म्हटलेले वाक्य कुठे आहे? नकार देणारी वाक्ये नोंदींमध्ये लवकर हरवतात, म्हणून ती खास शोधावी लागतात.

साध्या वागण्याला लावलेला अर्थही इथेच तपासा. बसमधून उतरून पुन्हा चढणे म्हणजे पाळत चुकवण्याची युक्ती, असा अर्थ लावला गेला. बंद स्थानकाचे दार पाहून परत फिरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाने तेच केले असते. प्रत्येक ‘संशयास्पद’ हालचालीशेजारी तिचे सगळ्यात साधे स्पष्टीकरण लिहा आणि ते स्पष्टीकरण त्या वेळी कोणाच्या तोंडी आले का ते पहा.

हुकूम आणि त्याचा अर्थ

अशा मोहिमांत एक नियुक्त वरिष्ठ अधिकारी असतो. स्टॉकवेलच्या दिवशी त्या जागी क्रेसिडा डिक होत्या. अमेरिकेतल्या 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर लंडन पोलिसांनी ‘क्रेटॉस’ नावाचे धोरण तयार केले होते. त्यामागचे तर्कशास्त्र समजून घ्यावे: खऱ्या आत्मघाती हल्लेखोराला इशारा दिला तर तो तेवढ्या वेळात स्फोट घडवू शकतो, म्हणून इशाऱ्याविना प्राणघातक गोळीला मुभा देण्याचा विचार झाला. ज्या मोहिमेत इशाऱ्याची पायरी गळते, तिथे ओळखीची पायरी दुप्पट भक्कम हवी. स्टॉकवेलला ओळखीची पायरी कच्ची होती.

त्या धोरणात प्राणघातक गोळीसाठी सांकेतिक शब्द ठरलेला होता. तो शब्द त्या दिवशी उच्चारलाच गेला नाही. डिक यांचा आदेश त्याला रेल्वेत जाण्यापासून थांबवण्याचा होता. पण शस्त्रधारी पथकाला सकाळच्या सूचनांतच सांगितले गेले होते की नेहमीपेक्षा वेगळे डावपेच वापरावे लागू शकतील. अशा तयारीने निघालेल्या माणसाच्या कानात ‘थांबवा’ कसा शिरतो, हा प्रश्न तक्त्यात वेगळ्या ओळीत लिहा. आदेश देणाऱ्याचा अर्थ आणि ऐकणाऱ्याचा अर्थ, दोन्ही.

आणखी एक ओळ: पर्याय कोणता उपलब्ध होता? पाळतीवरचे पोलीस मेनेझिसच्या जवळ होते आणि ते त्याला अडवू शकत होते. आधी तसे सांगितलेही गेले, मग शस्त्रधारी पथक पोहोचले अशा समजुतीने तो निर्णय फिरवला. पथक तेव्हा जागेवर नव्हते. त्यांच्या गाड्या नेमक्या कुठे आहेत हे कक्षाला ठाऊक नव्हते, आणि फलाटावर उतरल्यावर पोलिसांचे वायरलेस चालत नव्हते. या तिन्ही गोष्टी ज्युरीच्या उत्तरांत मृत्यूची कारणे म्हणून आल्या आहेत. वायरलेस कुठे चालतो आणि कुठे नाही, हे तपासणारा पत्रकार विरळा. पण तेवढे एक विचारले तरी अर्धे प्रकरण उलगडते.

शेवटचे सेकंद

आता चापापाशी या. चार गोष्टी वेगवेगळ्या तपासा: इशारा दिला का, हात कुठे होते, संशयित कोणत्या दिशेने हलला, गोळ्या किती आणि कोणत्या क्रमाने. प्रत्येकीसाठी पोलिसांचे जबाब, बाहेरचे साक्षीदार आणि भौतिक पुरावा वेगळ्या ओळींत लिहा.

स्टॉकवेलला गोळी झाडणाऱ्यांनी सांगितले की ‘आर्म्ड पोलीस’ असे ओरडले आणि तो त्यांच्या दिशेने आला. डब्यातल्या प्रवाशांना तो इशारा ऐकू आला नव्हता. ज्युरीचे उत्तर: इशारा दिला नाही; तो जागेवरून उठला हे खरे; तो पोलिसांकडे चालून आला हे खरे नाही. गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा पाळतीवरच्या एका अधिकाऱ्याने त्याला हातांनी धरून ठेवलेले होते. ही एक गोष्ट सगळ्या चर्चेचे वजन बदलते, म्हणून ‘तो मोकळा होता का’ हे कधी विचारायचे विसरू नका.

पोलीस नेहमी खोटे बोलतात असे गृहीत धरू नका. तणावात ऐकू येणे आणि आठवणे दोन्ही बिघडते. पण म्हणूनच जबाब एकमेकांशी बोलून लिहिले का, हे तपासणे गरजेचे. स्टॉकवेलच्या गोळी झाडणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी एकत्र बसून आपल्या नोंदी लिहिल्या, आणि स्वतंत्र पोलीस तक्रार आयोगाने त्या पद्धतीवर टीका केली. पाळतीच्या नोंदवहीत तर ‘उस्मान होता’ या अर्थाची नोंद एक-दोन शब्द घालून ‘नव्हता’ अशी करण्यात आल्याचे आढळले. कोणी केली यावर हस्ताक्षरतज्ज्ञांचे एकमत झाले नाही आणि खटला उभा राहिला नाही. त्यामुळे मूळ पानांच्या प्रती मागा. टंकलिखित प्रतीत खाडाखोड दिसत नाही.

पहिल्या दिवसाच्या बातम्या

पहिल्या 48 तासांत बाहेर आलेले प्रत्येक विधान स्रोतासह वेगळ्या पानावर चिकटवा आणि नंतर पुराव्याशी ताडून पहा. मेनेझिसबद्दल सांगितले गेले की त्याने जाड कोट घातला होता, तिकिटाच्या अडथळ्यावरून उडी मारली, पोलिसांचे ऐकले नाही. प्रत्यक्षात त्याच्या अंगात साधे डेनिम जॅकेट होते, त्याने प्रवासाचे कार्ड लावून प्रवेश केला, वाटेत फुकटचे वर्तमानपत्र उचलले, आणि धावला तो गाडी पकडण्यासाठी.

ही चूक कागदावर किती खोल उतरते ते पहा: शवविच्छेदन अहवालाच्या पार्श्वभूमीतही त्याने अडथळ्यावरून उडी मारल्याचे लिहिले गेले, कारण डॉक्टरांना तसेच सांगण्यात आले होते. म्हणून शवविच्छेदनातली ‘हकिगत’ पुरावा म्हणून कधीही उद्धृत करू नका. जखमांची जागा, दिशा, अंतर हा डॉक्टरचा पुरावा, हकिगत पोलिसांची.

त्याच दिवशी संध्याकाळी वरिष्ठ अधिकारी अँडी हेमन यांनी गुन्हे वार्ताहरांना सांगितले की मृत माणूस चौघांपैकी नसावा. थोड्याच वेळात निघालेल्या अधिकृत पत्रकात मात्र तो चौघांपैकी आहे की नाही हे अजून स्पष्ट नसल्याचे लिहिले होते. आयोगाने यावर वेगळा अहवाल काढला आणि हेमन यांनी लोकांची दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला.

कोणत्या मंचावर कोणता प्रश्न

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एकाच मृत्यूबद्दल वेगवेगळ्या मंचांवर वेगवेगळे प्रश्न विचारले जातात, आणि एका मंचावरचा ‘निर्दोष’ दुसऱ्यावर लागू होत नाही.

इंग्लंडच्या फौजदारी कायद्यात प्रश्न असा: गोळी झाडणाऱ्याला प्रामाणिकपणे धोका वाटला का, आणि त्याला जे वाटले ते धरले तर बळ वाजवी होते का? चुकीची पण प्रामाणिक समजूत इथे बचाव ठरते. म्हणून 2006 मध्ये कोणाही व्यक्तीवर खटला झाला नाही. मेनेझिसच्या कुटुंबीयांनी हे युरोपीय मानवी हक्क न्यायालयात नेले; 30 मार्च 2016 ला मोठ्या पीठाने 13 विरुद्ध 4 मतांनी ब्रिटनच्या बाजूने निकाल दिला.

संस्थेबद्दलचा प्रश्न वेगळा. लंडन पोलिसांवर 1974 च्या कामाच्या ठिकाणच्या आरोग्य व सुरक्षा कायद्याखाली खटला झाला आणि 1 नोव्हेंबर 2007 ला ते दोषी ठरले: 1,75,000 पौंड दंड आणि 3,85,000 पौंड खर्च. त्याच ज्युरीने डिक यांच्यावर वैयक्तिक दोष नाही असेही जोडले. 2008 च्या इन्क्वेस्टमध्ये कॉरोनर, म्हणजे ती चौकशी चालवणारे अधिकारी, सर मायकेल राइट यांनी ‘बेकायदा हत्या’ हा पर्याय ज्युरीपुढे ठेवूच दिला नाही. ज्युरीने ‘कायदेशीर हत्या’ नाकारून 8 विरुद्ध 2 ने खुला निर्णय दिला, म्हणजे हत्या कायदेशीर की बेकायदा हे ठरवले नाही. बातमीत ‘ज्युरीने पोलिसांना निर्दोष ठरवले’ असे लिहिणे म्हणूनच चूक.

नियोजनाच्या प्रश्नासाठी जिब्राल्टरचा निकाल वाचावा. 6 मार्च 1988 ला ब्रिटिश लष्कराच्या विशेष दलाने आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या तिघांना ठार केले. बॉम्ब फोडण्याचे रिमोट त्यांच्या हाती आहे अशी समजूत होती. कोणाकडेच काही निघाले नाही. 1995 मध्ये युरोपीय न्यायालयाने सैनिकांच्या प्रामाणिक समजुतीला दोष दिला नाही, पण 10 विरुद्ध 9 मतांनी मोहिमेचे नियोजन चुकले असे ठरवले: त्यांना सरहद्दीवरच का अडवले नाही, आणि आपली माहिती चुकीची असू शकते याला जागा का ठेवली नाही? हे दोन प्रश्न जिब्राल्टरनंतर सतरा वर्षांनी स्टॉकवेलला जसेच्या तसे उभे राहिले.

उलट टोकाची उदाहरणेही तक्त्यावर घालून पहा, नाहीतर पद्धत एकांगी होते. 29 नोव्हेंबर 2019 ला लंडन ब्रिजवर उस्मान खान आणि 2 फेब्रुवारी 2020 ला स्ट्रेथममध्ये सुदेश अम्मान यांनी लोकांना भोसकले होते, आणि दोघांच्या अंगावर खोटे बॉम्बचे जॅकेट होते. तिथे ओळखीची साखळीच लागली नाही. कृत्य डोळ्यांसमोर होते. दोन्ही इन्क्वेस्टमध्ये ज्युरीने हत्या कायदेशीर ठरवली.

महाराष्ट्रात हीच तपासणी

आपल्याकडे पाया म्हणजे पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा 23 सप्टेंबर 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. 1995 ते 1997 मधल्या मुंबईतल्या सुमारे 99 चकमकींत 135 च्या आसपास माणसे मेल्याच्या याचिकेतून तो आला. संशयित दहशतवादी असला तरी तो लागू आहे. त्यातले तपासायचे मुद्दे: मिळालेली खबर चकमकीआधी लेखी नोंदली होती का, चकमकीनंतर गुन्हा नोंदवला का, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे, आणि चकमकीच्या प्रमुखापेक्षा किमान एक दर्जा वरच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली दिला का, दंडाधिकारी चौकशी झाली का, दोन डॉक्टरांनी शवविच्छेदन करून त्याचे चित्रीकरण झाले का, शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा केली का, लगेच शौर्यपदक किंवा बढती दिली गेली का.

कागद मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचे अर्ज तुकड्यांत करा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे. एक अर्ज स्टेशन डायरी आणि वायरलेस नोंदींसाठी, दुसरा शस्त्रे आणि काडतुसांच्या वाटपाच्या नोंदवहीसाठी, तिसरा दंडाधिकारी चौकशीच्या अहवालासाठी. तिसरा अर्ज जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी कार्यालयात जातो, पोलिसांकडे नाही. इथे बरेच अर्ज आठवडे फुकट फिरतात. काडतुसांची नोंदवही जरूर मागा: किती दिली, किती परत आली, हा आकडा जबाबांतल्या गोळ्यांच्या संख्येशी जुळला पाहिजे.

‘तपास सुरू आहे’ म्हणून कलम 8(1)(ज) खाली नकार आला, तर 30 दिवसांत पहिले अपील करा. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2007 च्या भगत सिंह निकालाचा आधार द्या: तपास चालू असणे एवढेच पुरेसे नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते कार्यालयाने दाखवावे लागते. नावे उघड होतील असे कारण दिले तर कलम 10 खाली नावे काळी करून उरलेले पान मागा. दहशतवादविरोधी शाखा कलम 24 खाली वगळलेली असल्याचे उत्तर आले, तर मानवी हक्क भंगाच्या आरोपांबाबतची माहिती त्या सवलतीत येत नाही असे लिहून राज्य माहिती आयोगाची मंजुरी मागा. तिथे मुदत 45 दिवसांची आहे, त्यामुळे तेवढे दिवस तुमच्या वेळापत्रकात आधीच धरून ठेवा.